सात नंबरची मांजर

"सहा बेचाळीस," नागवेकर काका म्हणाले आणि फाटकावरूनच त्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

आमच्याच प्रयोगशाळेतली, रुंद तोंडाची बाटली. वरच्या पट्टीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: क्रमांक सात, ठकी, १२ एप्रिल १९९६, सकाळी ६.४२. मी ती बर्फ भरलेल्या थर्मासात सोडली, झाकण पिळून बसवलं आणि घराकडे पाहिलं. दार नुसतंच लोटलेलं होतं. एरवी या वेळेला तिथून घावण्यांचा वास यायचा.

"काकी नाहीत अजून?"

"लांज्याला आहे. बहिणीकडे."

"बहिणीला बरं नाही का?"

"तुमचा बर्फ वितळेल," काका म्हणाले आणि आत वळले.

मी तेवीस वर्षांची होते. सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करायला सांगलीहून रत्नागिरीला आले होते. घरी सांगताना मी विषय 'पचनसंस्थेतले जीवाणू' एवढाच सांगितला होता. ती पचनसंस्था मांजराची आहे आणि रोज मी मांजराची विष्ठा थर्मासात घालून लुनावरून हिंडते, हे आमच्या जैन घरात कळलं तेव्हा आईने पत्रात एकच ओळ लिहिली, "हात धुत जा."

विषय राजाध्यक्ष मॅडमचा. त्या माझ्या मार्गदर्शक. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "मांजर माणसाळलं असं आपण त्याच्या वागण्यावरून म्हणतो. त्याच्या पोटाला कुणी विचारलंय का?" म्हणून आम्ही विचारत होतो. दहा घरातली मांजरं, दहा मिरकरवाड्याच्या बंदरावरची, आणि आंबा घाटातल्या रानमांजरांची विष्ठा वनखात्यातले एक गृहस्थ अधूनमधून आणून द्यायचे. नमुना पातळ करून काचेच्या बशांवर पसरायचा आणि कुठले जीवाणू किती वाढतात ते मोजायचं. दूधभात खाणाऱ्या घरच्या मांजरांच्या बशांवर विरजणातल्यासारख्या जीवाणूंचे पांढरे ठिपके दाट उगवत. बंदरावरच्या मांजरांत ते विरळ, पण कच्च्या मासळीबरोबर पोटात गेलेले खाऱ्या पाण्यातले जीवाणू हिरवट गोल करून बसत. रानातल्यांचं चित्र आणखी निराळं. जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी हेच. घरच्या दहांपैकी दोन मांजरं गळाली होती, एकाचे मालक बदली होऊन गेले आणि एकाच्या मालकीणबाईंना किळस यायला लागली. राहिली आठ. मॅडमनी बजावलं होतं, आठाच्या खाली गेलो तर सगळं पुन्हा सुरू करायचं. माझी फेलोशिप जुलैअखेर संपत होती.

सात नंबर म्हणजे ठकी. चार वर्षांची, पांढरी, पाठीवर काळा डाग, डाव्या कानाचा शेंडा तुटलेला. प्रभाकाकींनी तिला पिल्लू असताना गटारातून उचलून आणलं होतं. मागच्या पडवीत तिची वाळूची पेटी होती, त्यामुळे नमुना मिळवायला हे घर सगळ्यात सोपं. आणि सगळ्यात आवडीचंही. काकी फार हसायच्या.

"काय गो, मांजरीची घाण न्यायला सांगलीहून इतक्या लांब आलीस?" त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी एक तवा वेगळा काढून ठेवला. नमुन्याच्या दर शुक्रवारी त्या तव्यावरचे घावणे आणि नारळाचा रस मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून खायची. ठकी शेजारी बसून उकडलेल्या बांगड्याचा कुस्करा दूधभातात कालवलेला खायची. आम्हा दोघींना काकी एकाच आवाजात विचारायच्या, "आणखी घालू?"

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. अडतीस वर्षं खिडकीत बसून गाड्या सोडल्या, आणि आदल्या वर्षी निवृत्त झाले. पण नियंत्रण काही सुटलं नाही. स्वयंपाकघरात चुलीजवळच्या भिंतीवर त्यांनी कॅलेंडर टांगलं होतं आणि त्यावर पेन्सिलीने ते लिहायचे: चहा ८.१० ऐवजी ८.२२. जेवण १.०५.

"बघितलंस?" काकी जानेवारीत मला दाखवत म्हणाल्या होत्या. "माझी गाडी बारा मिनिटं लेट." आणि पोट धरून हसल्या होत्या.

मार्चमध्ये त्या त्याच कॅलेंडरखाली उभ्या राहून घावणे घालत होत्या. वर काय लिहिलंय ते मी मोठ्याने वाचलं, पण त्या हसल्या नाहीत. मी त्या वेळी त्याकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष घावण्याकडे होतं.

बारा एप्रिलच्या नमुन्याच्या बशा मी दोन दिवसांनी उबवणपेटीतून काढल्या आणि आधी मला वाटलं, नंबर घालताना माझीच चूक झाली. सातच्या बशीवर हिरवट गोल होते. पांढरे ठिपके निम्म्याहून कमी. मॅडम म्हणाल्या, "पुढचा नमुना बघू." सव्वीस एप्रिलचा नमुना आला. फाटकावरूनच. सहा पंचावन्न. त्याच्या बशीवर तर हिरवं रान माजलं होतं.

मॅडमनी बशी उजेडात धरली. "ही घरातली मांजर नाही," त्या म्हणाल्या. "तुझे नागवेकर बंदरावरच्या कुठल्या तरी मांजराचं उचलून देतायत. विचार त्यांना. नाही तर सात नंबर काढून टाक."

काढून टाकला तर राहणार होते सात. मी त्याच संध्याकाळी गेले. काका ओटीवर बसले होते, समोर बशीत कोरडी बिस्किटं.

"काका, मागचे दोन नमुने ठकीचे नाहीत," मी म्हणाले. मी चिडलेली होते. "जमत नव्हतं तर तसं सांगायचं होतं. माझं वर्ष जाईल याने."

ते उठून उभे राहिले. उंच माणूस, पण त्या दिवशी शर्ट त्यांच्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

"मी खोटी नोंद केली म्हणताय?"

"बशीवर दिसतंय, काका."

"अडतीस वर्षांत एका गाडीची वेळ खोटी लिहिली नाही मी." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "उद्या सकाळी सहाला या. सहा म्हणजे सहा."

मी पावणेसहालाच फाटकाशी होते. काका बाहेर आले. एका हातात पिशवी, पिशवीत बाटली, चमचा, वर्तमानपत्र आणि एक स्टीलचा डबा. काही न बोलता ते चालायला लागले. मी लुना तिथेच ठेवून मागोमाग गेले. पंचवीस मिनिटांनी आम्ही मिरकरवाड्याला पोचलो.

होड्या नुकत्याच लागल्या होत्या. टोपल्या उतरत होत्या, बायका ओरडत होत्या, पायाखाली खारं पाणी आणि खवले. मी नाकाला ओढणी लावली. काका सराईतासारखे जाळ्यांच्या ढिगांमधून वाट काढत गेले.

"कंट्रोलर साहेब आले गे," मासळी निवडणारी एक बाई शेजारणीला म्हणाली. तिचं नाव हलीमा, हे मला नंतर कळलं.

काका थांबले. बर्फाच्या रिकाम्या खोक्यांपाशी पाच-सहा मांजरं माशांच्या आतड्यांवर तुटून पडली होती. त्यात एक पांढरी. पाठीवर काळा डाग. तिने मान वर केली तेव्हा कानाचा तुटका शेंडा दिसला. तोंडाला रक्त लागलेलं.

"ठकी," काकांनी हाक मारली. "ठके, ये." त्यांनी खाली बसून डबा उघडला. दूधभात होता. भात तळाला करपलेला, दुधावर काळे कण तरंगत होते.

ठकी आली, डबा हुंगला, काकांच्या हातावर एकदा डोकं घासलं आणि परत खोक्यांकडे गेली.

"रोज येतात," हलीमा मला म्हणाली. "महिना झाला. रोज हाच डबा. मी म्हटलं, साहेब, ताजी सुरमय सोडून करपलेला भात कोण खाईल?"

"रोज?" मी विचारलं. "नमुन्याच्या दिवशी नाही फक्त?"

काका डबा बंद करत होते. "एकतीस मार्चला ठकी गेली. ही लांज्याला गेल्यावर अकराव्या दिवशी. तोवर चुलीसमोर बसून ओरडायची. मी बांगडा उकडून दिला. वेळेवर दिला. खाल्ला नाही." डब्याचं झाकण दाबत ते म्हणाले, "तुम्हाला शब्द दिला होता, म्हणून नमुना इथून घेत होतो. ती वाळूत जाते तिकडे, होड्यांच्या मागे. मी पाळतीवर बसतो. वेळ खरी आहे. मांजर खरी आहे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मांजर गेली म्हटलं असतं, तर का गेली विचारलं असतंत."

मी काकींबद्दल विचारलं. डबा पिशवीत ठेवत काका म्हणाले, "बहिणीकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, परतीची तारीख सांग. ती म्हणाली, कळवीन." तारीख अजून आलेली नव्हती.

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. "पद्मजा, तुला कळतंय का हे काय आहे? तीच मांजर. आधी घरातली, मग बंदरावरची. असं कुणाला मिळत नाही! चार वर्षांचं घर पोटातून पंधरा दिवसांत पुसलं जातंय." आणि मग, "आता मध्येच काही बदलता कामा नये. जूनमध्ये पावसाळ्यासाठी होड्या वर ओढतील, तोवर तिला तिथेच राहू दे. आणि घरी ती नेमकं काय खायची ते त्या बाईंकडून लिहून आण."

म्हणून पाच मेला, रविवारी, मी एसटीने लांज्याला गेले. काकींच्या बहिणीचं घर हमरस्त्याला लागूनच होतं. दोघी ओटीवर बसून फणसाचे गरे काढत होत्या. काकींचे हात तेलाने माखलेले. मला बघून त्या हसल्या, अगदी जानेवारीतल्यासारख्या. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला.

मी वही काढली. दूध किती, भात किती, मासे कुठले, उकडलेले की कच्चे. त्यांनी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "का गो? आजारी आहे का ती?"

मी सांगितलं. ठकी बंदरावर गेली, काका रोज सहाला डबा घेऊन जातात, ती येत नाही तरी जातात.

काकींचा हात गऱ्यात तसाच राहिला.

"मांजरीला आणायला? रोज?"

"रोज. पंचवीस मिनिटं चालत."

बाहेर रस्त्यावर एक गाडी थांबली, दोन माणसं उतरली, गाडी गेली. काकी तिकडे बघत होत्या.

"लांज्याला येणाऱ्या गाड्या मी काय सांगू त्यांना," त्या म्हणाल्या. "सगळ्या पाठ आहेत. पास पण आहे." त्यांनी आठळी काढून टोपलीत टाकली. "सांग त्यांना. मांजरीकडे जातात तसं इकडे यावं एकदा. न्यायला आले तर मी नाही म्हणणार नाही. जसंच्या तसं सांग."

"सांगते," मी म्हणाले.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून मी हिशेब केला तो बशांचा. काका लांज्याला गेले तर काकी येतील. काकी आल्या की चूल पेटेल, बांगडा उकडेल. ठकी परत येईल. दहा मे, चोवीस मे, सात जून. तीन नमुने राहिले होते. तीनच तर आहेत, मी मनाशी म्हटलं. इतके दिवस थांबलेत, आणखी महिनाभर.

काका फाटकाशीच उभे होते. मी कुठे गेले होते ते त्यांना ठाऊक होतं.

"बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. खाण्याचं सगळं लिहून दिलं."

ते फाटकाची कडी वरखाली करत राहिले. "आणखी काही?"

"नाही," मी म्हणाले.

दहा मेचा नमुना आला, चोवीस मेचा आला. हिरवे गोल स्थिरावले, पांढरे ठिपके बोटांवर मोजण्याइतके उरले. आलेख असा सुरेख उतरत होता की मॅडमनी तो विभागप्रमुखांना नेऊन दाखवला. काका आता मला बंदरावरच बोलवायचे. ते बारीक होत चालले होते. हलीमा कधी त्यांना चहा पाजायची. प्रत्येक वेळी बाटली देताना ते माझ्याकडे क्षणभर बघायचे, आणि मी पट्टी वाचत राहायची.

सात जूनला होड्या वर ओढायचं काम सुरू होतं. काकांनी शेवटची बाटली दिली. सहा अडतीस.

"संपलं?"

"संपलं."

"तुमचं काम झालं ना नीट?"

या वेळी मी पट्टी वाचली नाही. "काका, काकींनी एक निरोप दिला होता," मी म्हणाले, आणि जसंच्या तसं सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कधी म्हणाली?"

"पाच मेला."

त्यांचे ओठ हलले. "तेहतीस दिवस," ते म्हणाले.

"ठकी परत आली असती, काका. नमुने बिघडले असते. म्हणून मी..."

त्यांनी माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग डबा उघडून दूधभात खोक्यांपाशी ओतला, डबा नळाखाली विसळला, झाकण लावलं.

"साडेसातला गाडी आहे," ते म्हणाले. "स्टँडवर सोडता का?"

मी त्यांना लुनावर मागे बसवून नेलं. स्टँडवर दोन-तीन कंडक्टरांनी त्यांना नमस्कार केला. ते रिकामा डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसले आणि गाडी सुटली.

त्यानंतर दोन महिने मी त्या आळीत गेले नाही. प्रबंध लिहिला. सात नंबरवर एक अख्खं प्रकरण झालं. पुढे माझं जे काही नाव झालं ते त्याच प्रकरणामुळे, आजही विद्यार्थी मला त्याबद्दलच विचारतात. त्यात वाक्य आहे: 'दिनांक ३१ मार्च रोजी मांजराने घर सोडले.' कारणाचा रकाना नव्हता.

ऑगस्टमध्ये सांगलीला परतायच्या आदल्या दिवशी मात्र राहवलं नाही. मी फाटक उघडलं. काकींनीच दार उघडलं.

"आलीस? बस. किती वाळलीस गो!" त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पाट दिला. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. चुलीजवळ ठकीची बशी होती. ती दुपारी येते, खाते आणि परत बंदरावर जाते, काकी म्हणाल्या. राहायला येत नाही.

मी शब्द जुळवत होते. सांगायचं ठरवूनच आले होते. तेवढ्यात काकीच बोलायला लागल्या.

"हे लांज्याला आले त्या दिवशी मी ह्यांना तासभर फाटकात उभं केलं. म्हटलं, पोरीबरोबर निरोप देऊन महिना उलटला. गाडी थांबली की मी ओटीवर येत होते. दर गाडीला! बहीण हसायची मला. आणि तुम्ही आत्ता येताय? फार बोलले गो मी. चाळीस वर्षांचं सगळं बोलले."

"मग काका काय म्हणाले?"

"काय म्हणणार? खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाले, 'उशीर झाला. माझ्याकडून झाला.'" काकींनी पदराने डोळे पुसले, पण हसत होत्या. "आख्ख्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या तोंडून. तेवढ्यासाठी तर आले. नाही तर पिशवी भरलीच नसती मी."

तरी मी तोंड उघडलं. "काकी, तो उशीर..."

"पद्मजाबाई," मागून आवाज आला.

काका दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी नकारार्थी मान हलवली.

"चहा घेणार ना?" त्यांनी विचारलं.

"घेईल की," काकी म्हणाल्या. "आता हेच करतात चहा. शिकलेत."

काका माझ्या शेजारून आत आले, भांडं उतरवलं, पाणी मोजलं. आम्ही तिघं पाणी उकळायची वाट बघत होतो. चहा फार गोड झाला होता. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.